माझे मिस्टर ऑफ हायेत

माझं नाव पोपट. आईबापानं असं नाव ठेवल्यावर माणसानं दुसरं करायचं तरी काय? पन्नाशी आली, अजून लोकांचे पोपट करत फिरतोय. कामाला स्टाफ बसवर ड्रायव्हर. सकाळी पारगाववरनं निघायचं, न्हावरा आन् मधली गावं करत कारेगावला कंपन्यांच्या गेटवर बाया-माणसं सोडायची, संध्याकाळी परत आणायची. जाताना दीड तास, येताना दीड तास. एवढा वेळ गप बसून गाडी चालवायची म्हंजी माझ्यासारख्याला जेलच.

खोड्या सांगत बसलो तर बस कारेगाव सोडून नगरला जाईल. एकदा नव्या लागलेल्या गड्याला सांगितलं, थंब मशीनला आधी हात जोडायचे, मगच ते पंच घेतंय. आठ दिवस तो मशीनसमोर डोळे मिटून उभा. मागची लाइन पण हात जोडायला लागली. मला रजा पाहिजे असली की मी मावशी मारतो. रजिस्टरला माझी मावशी चारदा मेलीय. खरी मावशी वरवंडला हाय, जित्ती, पान खाती आन् मला शिव्या घालती.

ह्या सगळ्यात माझा जोडीदार रोहिदास. पारगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तो कारेगावलाच एका प्रेस शॉपमधे डाय सेटर. डाय म्हंजी लोखंडाचा साचा, त्यात पत्रा दाबला की पार्ट निघतो. बारा वर्षं त्यानं मशीनवर डाय बसवल्या. कामाला पक्का, पण डोकं माझ्यासारखंच वाकडं. आमची आवडती खोडी त्याच्याच बायकोवर, चांगुणावहिनीवर. मी फोन लावायचा, "वहिनी, रोह्याला आज ऑफ दिलाय. निघालाय घरी. कालवण टाका." ती घाईघाईनं कोंबडी आणून शिजवायची, आन् रोह्या येणार नेहमीसारखा संध्याकाळी सहाला. ती उलथनं घेऊन दारात. "ऑफ व्हता न्हवं?" रोह्या हसून हसून ओट्यावर लोळायचा. आन् कोंबडी खायला मी शेजारून हजर.

दोन वर्षं झाली. पोळ्याचा आदला दिवस. अकराच्या चहाला रोह्या कँटीनच्या बाकावर टेकला, कप हातात, आन् तसाच कलंडला. ॲम्ब्युलन्स शिरूरला पोचायच्या आधीच संपलं व्हतं. त्याचा सुपरवायझर मला म्हणला, "तुमच्या गावचा हाय, फोनवर नको. घरी तुम्हीच जाऊन सांगा."

बस तिथंच ठेवून एकाची मोटारसायकल घेतली आन् पारगाव गाठलं. वाटेत दोघा-तिघांना फोन केले, पण घरी आधी पोचलो मीच. वहिनी दारात मेथी निवडत बसलेली. आता आमच्यात आपल्या माणसाला कुणी मेला म्हणत न्हाई. ऑफ झाला म्हणत्यात. दिवा ऑफ झाला, तसं. माझ्या तोंडातनं तेच गेलं.

"वहिनी, रोह्या ऑफ झाला."

तिनं मान पण वर केली न्हाई. "झालं का चालू तुमचं? उद्या पोळा, आज ऑफ. मी फसायची न्हाई आता."

"वहिनी..."

मग तिनं बघितलं. माझे डोळे लाल. "आन् ह्ये काय? कांदा चोळलाय का?" एकदा चोळला व्हता मी, खोटं कशाला सांगू. "बरं," ती म्हणली, "खरंच ऑफ दिला असंल तर भाकरी टाकते. खोटं निघालं तर तुम्ही आन् ते, दोघं उपाशी." आन् मेथी उचलून आत गेली. परातीचा आवाज आला. पीठ मळल्याचा, मग भाकरी थापल्याचा. मी दारात उभा. हजारो थापा मारलेला माणूस मी, आन् एक खरं वाक्य दुसऱ्यांदा बोलता येईना. पहिली भाकरी टोपल्यात पडली. दुसरी तव्यावर व्हती तवा गल्लीतल्या बाया रडत आल्या. ती भाकरी कुणी उलटली न्हाई. तिचा करपल्याचा वास मला अजून येतो.

त्या दिवसानंतर मी खोड्या सोडल्या असं म्हणलं तर ती पण थापच व्हईल. तेरावं झालं आन् चालू केल्या. पण वहिनीला कवाच फोन केला न्हाई.

वरीसभरात ती कारेगावला दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला लागली, माझी हजेरी-रजा पण तिथल्याच एचआरकडं. कॉन्ट्रॅक्टवर. माझ्याच बसनं यायची, माझ्या मागच्या सीटवर. सात महिने झाले की कॉन्ट्रॅक्टवाले ब्रेक देत्यात. घरी बसा, बोलवलं तर या. पहिल्या ब्रेकला ती लोकाच्या रानात कांदा खुरपायला गेली. पोरगी धनश्री दहावीला. दुसरा ब्रेक दिवाळीला येणार व्हता, आन् त्या पोरीच्या क्लासचं, वह्यांचं काय करायचं ह्याच घोरात ती असायची.

तेवढ्यात बोर्डावर नोटीस लागली. लाइन लीडरच्या चार जागा, ऑन रोल, म्हंजी परमनंट, ब्रेक बंद. त्यातली एक जागा ज्या बाईचा नवरा न्हाई आन् घर एकटी चालवती तिला. पण मुलाखत इंग्लिशमधे. एचआरची नवी मॅडम चेन्नईकडची, तिला मराठी येत न्हाई, हिंदी तोडकी. आन् लाइन बघायला बाहेरची माणसं येत्यात, त्यांच्याशी लाइन लीडरला चार वाक्यं बोलावी लागत्यात.

वहिनी बसमधे चढली आन् म्हणली, "भावजी, मला इंग्लिश शिकवा."

माझं इंग्लिश म्हंजी गाडीचा हॉर्न. मोठ्यानं वाजतं, अर्थ एकच, बाजूला व्हा. पण चार वर्षं एका जपानी सायबाची गाडी चालवली हाय, तवा हाऊ-व्हॉट-व्हेअर तोंडात बसलंय. म्हणलं, चला. बस चालू, शाळा चालू. मी आरशात बघून वाक्य म्हणायचो, आख्खी बस मागं म्हणायची. वहिनीकडं धनश्रीची जुनी वही, त्यात इंग्लिश शब्द मराठी अक्षरात.

"हाऊ आर यू?"

"फाइन."

"फाइन म्हंजी ट्रॅफिकवाले फाडत्यात ती न्हाई का?" मागनं सुषमा वरडली. सुषमा न्हावऱ्याची, वहिनीच्याच लाइनवर, तोंडानं माझ्या तोडीची.

"ती तुझी, ही आपली."

हसायचं वातावरण बघून माझी जीभ खाजवली. म्हणलं, "मॅडमनं खुर्ची दिली की एका दमात म्हणायचं, थँक्यू यू आर वेलकम. लय भारी इंग्लिश हाय." आख्ख्या बसनं पाठ केलं. दुसऱ्या दिवशी वहिनी धनश्रीला इचारून आली आन् वही माझ्या खांद्यात हाणली. "एक थँक्यू म्हणतो, दुसरा वेलकम म्हणतो. दोन्ही मीच म्हणू व्हय? भावजी, मॅडमपुढं असलं एक जरी निघालं ना, तर न्हावऱ्याच्या पुलावरनं तुम्हाला बसबिगर ढकलीन."

"शपथ वहिनी. आता सगळं सरळ."

आन् खरंच, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी सरळ शिकवलं. माय नेम इज चांगुणा रोहिदास. आय लिव्ह इन पारगाव. आय वर्क इन पॅकिंग. माय डॉटर इज इन टेन्थ. ती भराभर शिकली. बस थांबली तरी ओठ हलत असायचे.

मग एका संध्याकाळी न्हावऱ्याला बाया चहाला उतरल्या. वहिनी उतरली न्हाई. मागनं हळू म्हणली, "आन् ह्यांचं इचारलं तर?"

कुणाचं, ते मला कळलं. मी आरसा सोडून मागं वळलो. "म्हणायचं, माय हजबंड इज डेड."

"डेड नको. गोडाऊनला डेड स्टॉक म्हणत्यात, धूळ बसलेला, कुणी नेत न्हाई तो माल."

"मग डाईड म्हणा. गेले असंच हाय ते."

"डाय? डाय तर ह्यांची. बारा वर्षं बसवली. बोटं कापून घेतली तिच्यात. तो शब्द कसा वापरू?"

"एक्स्पायर."

"गेटपास एक्स्पायर व्हतो. आपण नवा करून आणतो."

मी डोकं खाजवलं. "साधं हाय, लेट म्हणायचं. माय लेट हजबंड."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी शिवी दिलीय. "लेट? एक लेट मार्क दावा त्यांचा. एक."

गाडीत दोघंच. बाहेर सुषमा क्रीमरोल चहात बुडवत व्हती. नवरा न्हाई त्या बाईला विडो म्हणत्यात, ते पण सांगितलं. तिनं दोनदा म्हणून बघितलं. "विडो, विडो. खिडकीसारखं वाटतंय. न्हाई जमायचं." मग वहीत खाली बघत म्हणली, "ऑफ म्हणते. माय मिस्टर इज ऑफ. आपल्यात तसंच म्हणत्यात की."

आता ऐका. ऑफचं काय व्हतं ते मला माहीत व्हतं. जपानी सायबाकडं असताना माझा चुलता गेला. मी सांगितलं, "सर, माय अंकल ऑफ." सायेब म्हणला, "गुड, गुड, एन्जॉय." हा किस्सा मी पारगावच्या पारावर वरीसभर खपवलाय, माझ्यासंगं रोह्या पण हसलाय. म्हंजी जगात ज्याला पक्कं माहीत व्हतं असा मीच. पण ऑफ म्हणताना तिचा आवाज अडकला न्हाई. आन् तो शब्द तिच्या दारात मीच टाकला व्हता. तो खोटा हाय असं मी कुठल्या तोंडानं सांगणार?

म्हणलं, "चालतंय."

फॉर्म पण मीच भरला, मांडीवर धरून. नावाच्या आधी काय? ती म्हणली, "मिसेस." पुढं चौकटी, मॅरिड का विडो. पेन विडोच्या चौकटीवर गेलं. ती खांद्यावरनं बघत व्हती. "लगीन झालंय की माझं," ती म्हणली, "मोडलंय का?" मी मॅरिडवर टिक केली. इचार केला, मुलाखतीत समजून जाईल मॅडम.

मुलाखत गुरुवारी. आमच्या भागात निम्म्या कंपन्यांना गुरुवारचा वीकली ऑफ असतो. मी गेटबाहेर बस लावून थांबलो. वहिनी बाहेर आली ती लग्नातनं आल्यासारखी.

"सगळं आलं भावजी! बसल्यावर थँक्यू एवढंच म्हणलं. यू आर वेलकम आत गिळलं."

"आन् रोह्याचं इचारलं का?"

"व्हय. म्हणलं, माय मिस्टर इज ऑफ. मॅडम हसली."

हसली. तिला बसमधे बसवून मी गेटकडं पळालो. सिक्युरिटीचा मिश्रा म्हणला, "पोपटभाई, आज किसको मारा? फिर मावशी?"

"मजाक नको मिश्राजी, मॅडमला भेटायचंय."

एचआरमधे नीलम बसती, कारेगावचीच पोरगी, क्लार्क. तिनं मला मॅडमपुढं नेलं. मी तिथंच वाजलो, "मॅडम, चांगुणा, हर हजबंड नो ऑफ. ऑफ मीन्स डेड. टू इयर्स."

मॅडमनं फॉर्म काढला. मॅरिडवर टिक. अक्षर माझं. मॅडम नीलमशी बोलली, नीलमनं मला मराठीत सांगितलं. "मामा, ऑफ म्हंजी आपल्यात गेला असं म्हणत्यात, हे मी सांगितलं मॅडमला. पण मॅडम म्हणत्यात, मी परत इचारलं व्हतं. टुडे ऑफ? ॲट होम? तर बाई म्हणली, येस मॅडम, ॲट होम."

"तिला कळलं नसंल."

"मॅडमनं पुढं इचारलं, घरी काय करत्यात? तर बाई म्हणली, ही लाइक भाकरी." नीलमनं फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "मामा, दुसरं कुणी आलं असतं तर मॅडमनं ऐकलं असतं. पण तुमची मावशी चारदा मेलीय. मॅडमला रजिस्टर मीच दावलंय मागच्या महिन्यात. एक करा. शनिवारी सकाळी मृत्यूचा दाखला आणायला सांगा. पण तुम्ही न्हाई. बाईनं स्वतः आणायचा, स्वतः सांगायचं. दुपारी लिस्ट लागती."

परत येताना सगळ्या बाया उतरू दिल्या. पारगावला ती एकटी राहिली तवा सांगितलं. दाखला न्या, वहिनी, ट्रंकेत हाय ना?

"हाय."

"मॅडमनं ॲट होम म्हणलं, ते तुम्हाला कळलं नव्हतं का?"

"कळलं की. तुम्हीच शिकवलंय." ती उतरायला उठली, पण दांडा धरून तिथंच उभी राहिली. "दोन वर्षं झाली भावजी, ते घरी हायेत का असं मला कुणी इचारलं न्हाई. गावात सगळ्यांना माहीत. कंपनीत सगळ्यांना माहीत. ती एकटीच बाई, तिला काय माहीत न्हाई. तिनं इचारलं, घरी हायेत का. माझ्या तोंडातनं येस आलं. मग ते घरी बसलेत, ऑफला, बनियनवर, भाकरी मागत्यात, असं मला दिसायलाच लागलं. न्हाई म्हणवलं न्हाई."

मी इंजिन बंद केलं.

"आता दाखला न्यायचा," ती म्हणली, "म्हंजी त्यांना मीच जाऊन उठवायचं."

शुक्रवारी तिनं बसमधे वही उघडली न्हाई. सुषमानं मागनं 'हाऊ आर यू' म्हणून बघितलं.

शनिवारी पारगावच्या स्टॉपवर ती उभी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत दाखला. संगं धनश्री, दप्तर घेऊन शाळेच्या एसटीची वाट बघत. पोरीनं आईच्या पदराला पिन लावून दिली आन् मला म्हणली, "काका, आईला नीट शिकवा हां."

कारेगावला गेटवर सगळ्या उतरल्या. वहिनी बसून. "भावजी, शब्द द्या."

"कुठला?"

"डायवाला. त्यांचाच हाय तर त्यांचाच नेते. कसा म्हणायचा?"

"माय हजबंड डाईड."

"असं न्हाई." तिनं वही मांडीवर ठेवली, पेन उघडलं. "मास्तरनं आधी नीट सांगायचं, मग आम्ही म्हणायचं. मला सांगा. माझ्याकडं बघून."

मी सीटवरनं उठलो. मागं वळून तिच्यासमोर उभा राहिलो. दोन वर्षांमागं तिच्या दारात उभा व्हतो, तसाच. या बारीला माझ्याकडं शब्द व्हता, फक्त तो बाहेर काढायचा व्हता.

"वहिनी," मी म्हणलं, "यूवर हजबंड डाईड."

ती माझ्या डोळ्यात बघत व्हती. "कांदा चोळला न्हाई ना?"

"न्हाई वहिनी."

"फसवत न्हाई?"

"न्हाई."

तिनं मान हलवली. मग हळूहळू वहीत लिहिलं, डाईड. खाली रेघ ओढली. एकदा म्हणलं, "माय हजबंड डाईड." दुसऱ्यांदा म्हणलं तवा आवाज फुटला, पण वाक्य पुरं केलं. पदरानं तोंड पुसलं, पिन नीट केली आन् उतरली. मिश्रानं दार उघडलं.

दुपारी लिस्ट लागली. चांगुणा रोहिदास, चौथं नाव. संध्याकाळी बसमधे बायांनी टाळ्या वाजवल्या, सुषमानं पेढे मागितले, वहिनी हसली पण. चौथ्या जागेला कुठला शब्द लागला हे बसमधे आम्हा दोघांनाच माहीत व्हतं. न्हावरं गेलं, बाया उतरत गेल्या, बस रिकामी व्हत आली. मग मागनं आवाज आला.

"भावजी, मी तो शब्द म्हणल्यावर मॅडम खुर्चीवरनं उठली. माझा हात धरला. सॉरी म्हणली, आय ॲम सॉरी. कुणी तसं सॉरी म्हणल्यावर काय म्हणायचं, ते तुम्ही शिकवलंच न्हाई."

"मग? काय म्हणलात?"

"काय सुचंना. तोंडात आलं ते म्हणलं." जराशी थांबली. "थँक्यू यू आर वेलकम."

रोह्या असता तर ओट्यावर लोळला असता. मी आरशात बघितलं न्हाई. पारगावचा पूल आला. पुढं रस्ता मोकळा, एक माणूस न्हाई, गाडी न्हाई. तरी मी हॉर्न वाजवला. दाबूनच धरला.